नाइट-आउटची चिठ्ठी

"कुणाची मंगळागौर?" पेनचं टोपण काढता काढता आमच्या रेक्टर सोहोनी बाईंनी विचारलं.

"माझ्या आत्येबहिणीची," मी म्हणाले. "कोथरूडला."

"कितवं वर्ष?"

हा प्रश्न माझ्या तयारीत नव्हता. मंगळागौरीला इयत्ता असते हेच मला ठाऊक नव्हतं. सोलापूरला आमच्या घरी ती कधी झाली नव्हती, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या भामाच्या केजजवळच्या गावात तर तिचं नावही कुणी घेत नसेल. मी पुण्यात आल्यावर इतर मुलींच्या फोनवर फोटो पाहिले होते, तेवढंच माझं भांडवल. पहिलंच वर्ष, म्हणून मी सांगून टाकलं.

बाईंनी भामाकडे पाहिलं. ही कशाला, असा त्या नजरेचा अर्थ. मी लगेच सांगितलं, की भामाचा अभ्यासाचा विषयच बायकांची खेळाची गाणी आहे, ती तिथं गाणी उतरवून घेणार आहे. त्यातला अभ्यासाचा भाग खरा होता. आम्ही दोघींनी काठपदरी साड्या नेसल्या होत्या, गजरे माळले होते. भामा खाली मान घालून नव्या नवरीसारखी उभी होती.

बाईंनी मान वर करून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. आज मंगळवार आहे ना याची खात्री करत असतील, असं मला वाटलं. मंगळवार होता. कॅलेंडरवर श्रावणही होता. ते सगळं मी बघून ठेवलं होतं. मग त्यांनी दोन चिठ्ठ्यांवर सह्या केल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"दार साडेपाचला उघडतं," त्या म्हणाल्या. "खेळा पोटभर."

आमच्या हॉस्टेलात या चिठ्ठीला 'नाइट-आउट' म्हणत. नाव ऐकून बाहेरच्यांना काय काय वाटे. प्रत्यक्षात नाइट-आउट म्हणजे एखाद्या मावशीच्या किंवा काकांच्या घरी जाऊन, त्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर झोपून सकाळी परत येणं. चिठ्ठीवर मुलीचं नाव, कुठं जाणार ते, हॉस्टेलच्या ऑफिसचा नंबर आणि खाली घरच्यांचा नंबर. बाकीच्या रात्री साडेनऊला फाटक बंद. भामा दोन वर्षं त्या फाटकाच्या आत होती. दोन वर्षांत साडेनऊनंतरचं पुणं तिनं पाहिलंच नव्हतं.

आणि ते दाखवायची हौस माझी होती, तिची नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

सत्यभामा तिचं पूर्ण नाव, आजीचं ठेवलेलं. एम.ए.ला आम्ही एका खोलीत होतो. ती वर्गात पहिली, मी पहिल्या दहांत कुठंतरी. निकाल लागला, पाठोपाठ पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षाही ती पास झाली, आणि येत्या सोमवारी तिची मुलाखत होती. लग्नही ठरलं होतं, दिवाळीनंतरचं. नवऱ्याकडच्यांनी पुढं शिकायला हो म्हटलं होतं. ते काही सहज झालं नव्हतं. तिचा भाऊ ज्ञानोबा त्यासाठी चारदा पाहुण्यांच्या उंबऱ्यावर गेला होता, आणि नवऱ्या मुलाच्या मामांनी, ज्यांना सगळे आबा म्हणत, मध्ये पडून शब्द मिळवला होता. पोरगी सरळ आहे, शिकू द्या, इतकाच तो शब्द. भामा मला म्हणायची, की माझी सगळी पीएच.डी. त्या 'सरळ'वर उभी आहे.

बुधवारी सकाळी भाऊ, आणि त्याच्यासोबत आपली जीप घेऊन आबा, तिला न्यायला येणार होते. घरी थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला धोंड्याचं जेवण होतं, सगळं गणगोत जमणार होतं. चार दिवस राहून रविवारी तिला मुलाखतीसाठी परत आणून सोडायचं, असं ठरलं होतं.

मीच म्हटलं, की मग मंगळवारची रात्र आपली.

ती आधी नकोच म्हणाली. कशाला उगाच. मी म्हटलं, अगं, पुण्यात एवढी कॉलेजं आहेत, पन्नास हजार पोरं बाहेरून येऊन राहतात, या गावाला रात्र नसेल असं होईल का? विद्येचं माहेरघर म्हणतात याला.

"माहेरघर आहे मनूनच दिवेलागणीला दार लावतेत," भामा म्हणाली.

तरीपण ती तयार झाली. माझ्या आग्रहाला ती नेहमीच शेवटी तयार व्हायची. नेहमी तिच्या वहीवर माझा अभ्यास व्हायचा आणि माझ्या हट्टावर तिची मौज. मंगळागौरीची कल्पना माझी. बायकांनी रात्रभर घराबाहेर राहायचं आणि कुणी प्रश्न विचारायचा नाही, असं दुसरं कारण या शहरात मला सापडलं नाही.

नऊ वाजता आम्ही फर्ग्युसन रस्त्यावर होतो आणि मला वाटत होतं, मी जिंकले. सगळा रस्ता पोरापोरींनी भरलेला. कानातल्यांच्या गाड्या, कणसांचा धूर, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक स्कूटरच्या सीटवर कापत होते. भामा एका हातानं निऱ्या उचलून चालत होती आणि दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती. पोरं आमच्या साड्यांकडे वळून बघत. एकानं विचारलंदेखील, ताई, गॅदरिंग आहे का? भामानं त्याला गंभीरपणे सांगितलं, की हो, आणि आम्ही परीक्षक आहोत.

आम्ही डोसा खाल्ला. कॉफी मागवली तेव्हा साडेदहा झाले होते, आणि ती येईपर्यंत वेटरनं शेजारच्या टेबलावर खुर्च्या उलट्या ठेवायला घेतल्या. आईस्क्रीमच्या दुकानाशी पोचलो तर शटर अर्धं खाली. झेड ब्रिजवर गेलो. तिथं स्कूटरवर पाठमोरी बसलेली जोडपी होती, ती आमच्यासमोर एकेक करून उठली, कारण टोकाकडून शिट्टी वाजत येत होती. अकरा-सव्वाअकराला रस्ता असा रिकामा झाला, जणू कुणी उचलून ठेवला.

"झालं तुझं पुणं?" भामा म्हणाली. ती हसत होती. मला मात्र अपमान झाल्यासारखं वाटत होतं, जणू ते शहर मीच बांधलं होतं आणि पाहुणी आल्यावर त्यातून काही निघेना.

एक रिक्षा मिळाली. चालवणारे मामा पन्नाशीचे, मफलर गुंडाळलेले. मी म्हटलं, जिथं काही चालू असेल तिथं घ्या. ते म्हणाले, रात्री दोनच गोष्टी चालू असतात, स्टेशन आणि ससून हॉस्पिटल. मी म्हटलं, तसं नाही, म्हणजे जिथं माणसं असतील, गाणीबिणी असतील. त्यांनी आरशातून आम्हाला नीट पाहिलं. कोरेगाव पार्काकडे चालू आहे म्हणाले, पण तुम्ही दोघी अशा वेशात, सोडायचं म्हटलं तर मलाच बरं वाटणार नाही. लग्नातून आलात का?

"मंगळागौर होती," मी म्हणाले. सबब इतकी तोंडात बसली होती, की गरज नसताना बाहेर पडली.

मामांनी रिक्षा हळू केली. "धोंड्याच्या महिन्यात?"

ते मागं वळून बघायला लागले.

"ताई, अधिक चालू आहे. हा सरेपर्यंत मंगळागौर नाही. माझी मंडळी मंगळागौरीच्या ग्रुपात फुगड्या घालायला जाते, तिच्या सगळ्या सुपाऱ्या पुढच्या श्रावणातल्या आहेत. हा श्रावण त्यातला नाही."

मला आधी अर्थच लागला नाही. भामाला लागला. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती हसायला लागली, ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी. "अगं शर्वरे," ती म्हणाली, "घरी आठ दिवस झाले दाजीच्या धोंड्याचं चालू आहे. मी उद्या त्यालाच निघालेय. अन् मला कळलं न्हाई."

कसं कळणार? तिच्याकडे धोंडा म्हणजे जावई, पुरण आणि चांदीचं निरांजन. मंगळागौर तिच्या धोंड्यात नव्हती आणि माझ्या कॅलेंडरात धोंडा नव्हता. कॅलेंडरवर श्रावणाआधी बारीक 'अ.' छापलेला होता. मी पाहिला होता. अवांतर काहीतरी असेल म्हणून सोडून दिला होता.

मग एकदमच दोघींच्या लक्षात आलं, की बाईंना तर कळलं असणार. चाळीस श्रावण पुण्यात काढलेली बाई. कॅलेंडरकडे बघत बसल्या होत्या ते मंगळवारासाठी नव्हे.

"मग सही का केली?" भामानं विचारलं.

भावाला सकाळी सांगतील का, हेही तिनं विचारलं. मी मामांना म्हटलं, मागं फिरवा. ते म्हणाले, फिरवतो, पण दार उघडतील का? साडेपाचपर्यंत दार उघडत नव्हतं. कोथरूडची माझी आत्या खरी होती, पण ती तेव्हा बंगळूरला लेकाकडे गेलेली होती. त्या एवढ्या मोठ्या गावात, दोन वर्षं राहून, आम्हाला टेकायला एक घर नव्हतं. शेवटी मामांनी आम्हाला नळ स्टॉपला सोडलं. इथं रात्री पोह्यांच्या गाड्या लागतात, चार माणसं असतात, उजेड असतो, म्हणाले. अजून तासाभरात येतील. पैसे घेतले आणि जाता जाता पुन्हा थांबून, कुठं आडबाजूला जाऊ नका म्हणून सांगून गेले.

मी घाबरले होते. भामा घाबरली नव्हती, ते कसं हे मला अजून कळत नाही. पणाला लागलं होतं ते तिचं. ती मेट्रोच्या खांबाला टेकून उभी राहिली, वरच्या रुळांकडे बघत. मग म्हणाली, की कळायचं ते कळलंच आहे. आता रात्र तर पूर्ण करू.

तिनं साडीचा पदर खोचला आणि माझे हात धरले.

फुगडी मला येत नव्हती. तिनं शिकवली. तिच्याकडे पंचमीला गावातल्या लेकी झाडाखाली जमून खेळतात. टाचा जवळ, अंग मागं टाकायचं, समोरच्याच्या हातांवर सगळा भार सोडायचा. मी अंग राखून फिरत होते. ती म्हणाली, "सोड ना. मी धरलंय." मी सोडलं. कर्वे रस्त्याच्या मधोमध, मेट्रोच्या खाली, सिग्नल आपले आपण लाल-हिरवे होत होते आणि आम्ही गरगर फिरत होतो. ती गात होती. तिच्या वहीतलं गाणं होतं, गावातल्या एका म्हातारीकडून उतरवलेलं. त्यातली सून सासूला सांगते विहिरीवर चाललेय, मग सांगते गोवऱ्या आणायला चाललेय, आणि जात असते झोक्यावर. दरेक कडव्याला नवी सबब. दर सबबीला आम्हाला हसू आवरत नव्हतं.

माझी लेक आता सव्वा वर्षाची आहे. ती रात्री मध्येच उठून खेळायला लागली की मी तिचे दोन्ही हात धरून तिला हळू हळू फिरवते, आणि ती सगळा भार निर्धास्त माझ्यावर टाकते. दरवेळी मीच आधी थांबते.

गस्तीची गाडी कधी येऊन थांबली ते आम्हाला कळलं नाही. दोघं होते, मागं बसलेला एक हवालदार आणि पुढं एक महिला पोलीस. त्याच खाली उतरल्या. रागावलेल्या अजिबात नव्हत्या. झोपेत असलेल्या मुलांशी बोलावं तसं बोलल्या. कुठल्या, इथं काय करता, दीड वाजलाय. मी हॉस्टेलचं नाव सांगितलं. परवानगी आहे, म्हणाले. कशाची? माझ्या तोंडातून या वेळी मंगळागौर बाहेर पडली नाही, तर त्यांनी आमच्या गजऱ्यांकडे बघून स्वतःच विचारलं, मंगळागौर का? आणि स्वतःच म्हणाल्या, की नाही, आत्ता कुठून.

त्यांनी मला विचारून हॉस्टेलच्या ऑफिसचा नंबर लावला. ऑफिसात रात्री कोण असणार? वाजून वाजून बंद झाला. मग त्या म्हणाल्या, "हे बघा बाळांनो, तुम्ही काही गुन्हा केला नाहीये. मी तुम्हाला हॉस्टेलवर सोडते, दार उघडायला लावते. पण मला एकीच्या तरी घरी कळवावं लागेल. एकीच्या. उद्या काही झालं तर विचारतील, कळवलं होतं का. द्या चिठ्ठी."

मी पर्स उघडली आणि चिठ्ठी काढून दिली.

त्यांनी बॅटरीच्या उजेडात वाचलं, सत्यभामा, आणि खालचा नंबर लावला. भामा माझ्या शेजारी उभी होती. तिचा श्वास अजून फुगडीनं चढलेला होता.

फोन दुसऱ्याच घंटेला उचलला गेला. पलीकडून गाडीचा आवाज येत होता. सकाळी आठला पोचायचं म्हणून ते रात्रीच निघाले होते, जामखेडच्या पुढं आले होते. नंतर समजलं, की ज्ञानोबाचा फोन आबांच्या जीपच्या स्पीकरला जोडलेला होता, गाणी लावायला. त्यामुळे पोलीस बाईंचा आवाज पहिल्या शब्दापासून सगळ्या गाडीत घुमला. आपली बहीण आहे का, रात्री दीड वाजता रस्त्यावर, सुखरूप आहे, काळजी करू नका. बाई चांगल्या शब्दांत सांगत होत्या. प्रत्येक चांगला शब्द आबांच्या कानावर पडत होता.

ज्ञानोबानं फक्त विचारलं, सोबत कोण आहे. बाई म्हणाल्या, मैत्रीण आहे. तो म्हणाला, "मॅडम, तिला हॉस्टेलवर सोडा. आम्ही येऊ लागलोत." फोन बंद.

हॉस्टेलचं दार सोहोनी बाईंनी स्वतः उघडलं. साडी नेसलेली, केस विंचरलेले, झोपून उठल्याच्या कुठल्याच खुणा नाहीत. त्यांनी पोलीस बाईंच्या वहीत सही केली, आम्हाला आत घेतलं आणि वर जायची खूण केली.

खोलीत भामानं दिवा लावला आणि बॅग भरायला घेतली. मी पलंगावर बसून होते. काहीतरी बोलायला हवं होतं.

"ती वर होती गं," मी म्हणाले. "तुझी चिठ्ठी. हाताला आली ती दिली."

ती साडीची घडी घालत होती. काठाला काठ जुळवून, हनुवटीखाली धरून. तिनं घडी पूर्ण केली.

"मी विचारलं का तुला?" ती म्हणाली.

तिनं नव्हतं विचारलं. तिनं पुढंही कधी विचारलं नाही.

वर माझी चिठ्ठी होती. नाव दिसत होतं, शर्वरी, आणि खाली बाबांचा नंबर. माझी बोटं तिच्यावर टेकली होती. मी ती बाजूला सारली आणि खालची काढली. एवढ्याला किती वेळ लागतो, अर्धा क्षणही नाही. पण त्या अर्ध्या क्षणात मी बाबांचा चेहरा पाहिला, त्यांचा आवाज ऐकला, सगळं सगळं आठवलं. सोमवार तेवढा आठवला नाही. माझे बाबा हेडमास्तर. त्यांनी फोनवर आवाज चढवला असता, सोलापूरला बोलावून घेतलं असतं, चार दिवस माझ्याशी अबोला धरला असता. पाचव्या दिवशी आईनं मध्यस्थी केली असती. माझं जास्तीत जास्त एवढं जाणार होतं.

पावणेसहाला जीप आली.

ज्ञानोबा खाली ऑफिसात उभा होता. मी त्याला आधी फोटोत पाहिलं होतं, तो त्याहून लहान दिसत होता. माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठा. डोळे लाल, चप्पल दाराबाहेर काढलेली. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. आबा दाराशी खुर्चीवर बसले होते, पांढरे कपडे, टोपी मांडीवर. बाईंनी चहा मागवला होता, तो कुणी घेतला नव्हता.

बाई बोलत होत्या. मुलींची काही चूक नाही म्हणत होत्या, परवानगी मी दिली होती, माझ्या सहीची चिठ्ठी आहे. मी जिन्यावर उभी राहून ऐकत होते. तेवीस वर्षं त्या हॉस्टेलची किल्ली कमरेला लावून राहिलेली ती बाई, मुलींना एक मिनिट उशीर झाला तर रजिस्टरात लाल शाईनं लिहिणारी, ती आमच्यासाठी खोटं बोलत होती. आणि तिच्याकडेही आमच्याच सबबीपेक्षा बरी सबब नव्हती.

"मंगळागौरीला गेल्या होत्या," त्या म्हणाल्या. "यायला उशीर झाला. रात्रभराचा कार्यक्रम असतो तो."

आबांनी हात जोडले. "बाई," ते म्हणाले, "आम्ही खेड्यातली माणसं. मंगळागौर काही आमच्यात नसती. पण धोंड्याचा महिना आम्हाला कळतो. ह्यात कुठला सणवार नसतो."

बाईंनी टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"आबा, पोरगी तशी न्हाई," ज्ञानोबा म्हणाला. हे बहुधा तो रस्ताभर म्हणत आला होता, आवाज झिजून गेला होता त्याचा. आबाही तेच म्हणाले, की मला माहीत आहे रे बाबा, मला माहीत आहे. पण शब्द मी टाकला होता. आता ते विचारतील, तर मी काय सांगू? तिला शिकायला सोडा म्हणून परत तोंड उघडायला मला जागा राहिली का? राग कुणाच्याच बोलण्यात नव्हता. तीन मोठी माणसं त्या खोलीत होती, तिघांनाही ती पोरगी शिकावी असं वाटत होतं, आणि तिघांनाही काही करता येत नव्हतं.

"सोमवारचं आता राहू द्या," आबा उठत म्हणाले. "लग्न झाल्यावर त्यांचं ते बघतील."

भामा तेव्हाच बॅग घेऊन जिना उतरली. तिनं ऐकलं होतं. माझ्या शेजारून जाताना तिनं तिची गाण्यांची वही माझ्या हातात दिली आणि म्हणाली, विभागात दाखव कुणाला, कामाला येईल. जणू एखाद्या दिवसाची रजा घेत होती.

मग ती बाईंच्या पाया पडली. बाई तिला उठवून म्हणाल्या, आणि हे त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "मला कॅलेंडर वाचता येतं गं. तेवीस वर्षं मुलींना नाही म्हणत आलेय, काल एकदा नाही म्हणवलं नाही." भामानं त्यांचा हात थोडा वेळ धरून ठेवला.

फाटकाबाहेर ज्ञानोबा बॅग जीपच्या टपावर चढवून दोरी बांधायला लागला. दोरी आखूड होती, पुन्हा सोडून पुन्हा बांधत होता. आबा पुढं बसले. बाई फाटकाशी, मी त्यांच्या मागं. भामा मागच्या दाराचा दांडा धरून उभी होती. मला वाटलं, ती आता माझ्याकडे बघेल. पण ती बाईंकडे वळली आणि नीट, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, शर्वरीच्या घरी काही कळवू नका. तिचा यात काही संबंध न्हाई. ती येत नव्हती, मीच ओढून नेलं तिला. पुण्याची रात्र बघायची होती मला."

ज्ञानोबाचे हात दोरीवर थांबले. आबांनी मान वळवून बहुतेक पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं.

"खरं आहे का हे?" सोहोनी बाईंनी मला विचारलं. बाई सगळं जाणून होत्या. त्या मला नुसतं दार उघडून देत होत्या.

रस्त्यावर दूधवाल्याची सायकल होती, समोरच्या इमारतीत कुणीतरी खिडकी उघडत होतं. भामा गाडीत चढून बसली. ज्ञानोबानं गाठ मारली, ओढून पाहिली, पुढं जाऊन बसला. जीप पहिल्यांदा सुरू झाली नाही. दुसऱ्यांदाही घरघर करून बंद पडली. आबा म्हणाले, थोडा थांब, मग परत मार. ते थांबले. बाई अजून माझ्याकडेच बघत होत्या. बोलायला मला भरपूर वेळ होता.